एका माणसापुरते विमान

बोट विकली गेली त्या संध्याकाळी आर्डिस हॉगनने नवऱ्यापुढे कॉफीचा कप ठेवला आणि म्हणाली, "आता त्या पैशांचं जे काय करायचंय ते लवकर कर. नाहीतर छपराला लागतील."

व्हर्लिनला एवढा इशारा पुरेसा होता. हॉगनांच्या घरी छप्पर म्हणजे घरातल्या आजारी नातेवाइकासारखे होते. दर हिवाळ्यानंतर त्याच्यासाठी काहीतरी काढून ठेवावे लागे. बोटीचे आठ हजार डॉलर आले होते. ते छपरात जिरण्याआधी हवेत उडवायचे, असे व्हर्लिनने मनाशी पक्के केले होते.

जन्मभर तो गावातल्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसला. निवृत्त झाल्यावर नॉर्थ डकोटातली माणसे मासे पकडायला लागतात. हा विमान चालवायला शिकला. परवानाही मिळाला. पण शिकवणाऱ्या बाईंचे विमान तासाच्या भाड्याने घ्यावे लागे, आणि मीटर चालू असलेल्या टॅक्सीतून निसर्ग बघण्यात काही मजा नसते. नव्या विमानाची किंमत विचारायला त्याने एकदा फोन केला होता. आकडा ऐकल्यावर "माफ करा हं" म्हणून फोन ठेवून दिला. उरली ती हौशी लोकांनी घरी जोडलेली जुनी विमाने. सुटे भाग खोक्यांतून येतात आणि माणूस गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे ते जोडत बसतो. अशा विमानावर, बसणाऱ्याला दिसेल अशा जागी, 'प्रायोगिक' असे लिहावे लागते. तसा कायदाच आहे. हा शब्द नाटकाला लागला की प्रेक्षक पळतात. विमानाला लागला की गिऱ्हाईक पळते, आणि मग ते व्हर्लिनसारख्याच्या आवाक्यात येते.

जाहिरात शोधली गेलन ट्वेटने. गेलन व्हर्लिनचा शाळेपासूनचा मित्र. विमानातले त्याला ओ की ठो कळत नव्हते, पण जन्मभर त्याने ट्रॅक्टर विकले होते, आणि जो विकू शकतो त्याला विकत घेणे आलेच पाहिजे असा त्याचा सिद्धांत होता. दीड तासाच्या अंतरावरचे एक निवृत्त दातांचे डॉक्टर आपले पिवळे विमान विकत होते. जाहिरातीत 'एका माणसासाठी' असे स्पष्ट लिहिलेले होते. दोन माणसांची विमाने बोटीच्या पैशांत बसत नव्हती, हे जेमतेम बसत होते. घरी सांगताना व्हर्लिनने तेवढे दोन शब्द गाळले.

निघताना आर्डिस दारापर्यंत आली. "आणि हे बघ, खिडकीतून खालचं नीट दिसतं का ते बघून घे. मला नुसते ढग बघायचे नाहीयेत."

"बघतो," व्हर्लिन म्हणाला आणि पिकअपमध्ये जाऊन बसला.

वाटेत गेलनने त्याची शिकवणी घेतली. "एक लक्षात ठेव. खूश दिसायचं नाही."

"मी कधी दिसतो?"

"त्या बाबतीत देवाची कृपाच आहे तुझ्यावर. पण तरी सांगून ठेवतो. काहीही आवडलं तरी तू म्हणायचं, ठीकठाक आहे. खुसपटं मी काढणार. मी कान खाजवला की उठायचं आणि बाहेर यायचं. मग आपण दोघं लांब उभं राहून मान हलवायची. त्यानं माणूस घाबरतो."

डॉक्टर लोवेल स्ट्रांड घाबरण्यासारखे दिसत नव्हते. पाच फुटांच्या आतबाहेरचे, टापटीप कपड्यातले, हलक्या हातांचे गृहस्थ. त्यांची बायको कॉर्लिस त्यांच्याहून दोन बोटे उंच होती आणि ती दोन बोटे लपवण्यासाठी आयुष्यभर किंचित वाकून चालत आली होती. घरामागच्या शेडचे दार डॉक्टरांनी बाजूला सरकवले आणि आत ते पिवळे विमान दिसले. इतके छोटे, इतके चकचकीत, की व्हर्लिन दारातच थबकला.

"दात घासून ठेवल्यासारखं दिसतंय," गेलन पुटपुटला.

"मी स्वतः जोडलंय," डॉक्टर म्हणाले. "सीटचं कापड हिनं शिवलं. आता डोळे साथ देत नाहीत. उडवायची परवानगी नाही म्हणाले. नुसतं उभं ठेवायला जिवावर येतं." मग जास्त बोललो की काय असे वाटून ते थांबले. "बसून बघता?"

व्हर्लिनची उंची सव्वासहा फूट. चर्चमध्ये बाकावर बसला की त्याचे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीशी बोलायला जात. पण एवढ्या लांब आलेल्या माणसाने बसून न बघणे बरे दिसले नसते.

"आधी बूट काढा," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. जन्मभर ज्या आवाजात लोकांना तोंड उघडायला सांगितले तोच आवाज. "हं. उजवा पाय आत. आता डावा. हात वर घ्या. छान. आता सावकाश खाली. थोडा दाब जाणवेल."

दाब जाणवला. बरणीत शेवटची फोड दाबून बसवावी तसा व्हर्लिन त्या सीटवर बसला. गुडघे डॅशबोर्डच्या खाली गेले आणि कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला.

"काही दुखतंय?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला. या प्रश्नाला दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत कुणीच कधी हो म्हणत नाही.

आणि खरोखर त्याला काही दुखत नव्हते, कारण त्याचे दुखण्याकडे लक्षच नव्हते. विमान वळवायचा दांडा हातात लोण्यासारखा फिरत होता. पुढे पिवळे नाक, त्यापुढे शेडचे उघडे दार, आणि दारापुढे कापून झालेले गव्हाचे शेत थेट आभाळापर्यंत गेलेले. कोठारावर बसून त्याने या गव्हाचे वजन जन्मभर केले होते. वरून तो कसा दिसतो हे एकट्याने, घाईगर्दी नसताना बघायचे होते.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारले.

व्हर्लिनने गेलनकडे पाहिले. "ठीकठाक आहे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्या भागात एखादी गोष्ट फारच आवडली तर लोक 'वाईट नाही' म्हणतात. 'ठीकठाक' तर दवाखान्यातल्या जेवणालाही म्हणतात.

गेलनने खुसपटे काढायला सुरुवात केली. रेडिओ जुना आहे, चाके लहान आहेत, रंग फार पिवळा आहे.

"आणि आकारानं फारच बेताचं आहे हो, डॉक्टर."

"हो, ते माझ्या मापाचं आहे," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "तुम्हाला नसेल पटत तर संकोच करू नका. दुपारपर्यंत एक जण येणारच आहेत. मर्ल काल्वोडा म्हणून. त्यांना इंजिन हवंय. तळं गोठल्यावर बर्फावर चालवायची पंख्याची घसरगाडी बनवतायत."

"आणि बाकीचं विमान?" व्हर्लिनने आतून विचारले.

"बाकीचं तुम्हीच ठेवा म्हणाले."

कॉर्लिसने पंखावरची नसलेली धूळ पदराने पुसावी तशी बाहीने पुसली.

गेलनने कान खाजवला. व्हर्लिन हलला नाही. गेलनने दुसरा कान खाजवला.

"मी जरा बसतो," व्हर्लिन म्हणाला.

"बसा की, बसा," डॉक्टर म्हणाले.

थोड्या वेळाने कॉर्लिसने घरातून कॉफीसाठी हाक मारली. व्हर्लिन म्हणाला, मी जरा बसतो. मग कॉफीच शेडमध्ये आली, सोबत खजुराच्या वड्या आल्या. गेलन कान खाजवून खाजवून लाल झाला होता. कॉर्लिसने तर त्याला विचारलेही, "कानाला काही लावायला देऊ का?" अखेर कप ठेवण्याच्या निमित्ताने तो विमानात वाकला.

"लेका, ऊठ आता. सगळा बेत बिघडवलास."

"उठता येत नाहीये."

"कधीपासून?"

"बसल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"त्यांना उगाच त्रास कशाला?"

गेलनने डोळे मिटले. मग सरळ उभा राहून त्याने ती बातमी शक्य तितक्या सभ्य शब्दांत डॉक्टरांना सांगितली. "डॉक्टर, माझा मित्र आत बसला आहे, पण तो मुद्दाम उठत नाही अशातला भाग नाही. तो अडकलाय."

डॉक्टर स्ट्रांड मात्र ताजेतवाने झाले. कित्येक वर्षांनी त्यांच्यापुढे निघायला तयार नसलेले काहीतरी आले होते. ते घरात गेले आणि दात बघायचा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन आले. विमानाच्या पोटाशी वाकून त्यांनी आरसा आत घातला.

"हं. उजवा मोकळा आहे. डावा गुडघा आडव्या नळीच्या मागे गेलाय. नळी काढता येईल, पण तिचे स्क्रू तुमच्या गुडघ्याच्या मागं आहेत." त्यांनी मान वर केली. "मूळ वाकडं आहे."

आधी गेलनने काखेत हात घालून व्हर्लिनला ओढले. व्हर्लिन वर न येता अख्खे विमान वर आले. शेपटीला धरून कॉर्लिसने ते खाली आणले. मग व्हर्लिनला श्वास सोडायला सांगितले. त्याने सोडला, बारीक झाला तो पोटात, गुडघ्यात नाही. मग कॉर्लिस भांडी घासायचा पातळ साबण घेऊन आली आणि तोंड दुसरीकडे वळवून तिने तो व्हर्लिनच्या पॅंटवर ओतला.

"गार आहे का हो?" तिने विचारले.

"ठीकठाक आहे," व्हर्लिन म्हणाला.

तेवढ्यात अंगणात ट्रक थांबला. मर्ल काल्वोडा आत आला. दाराएवढा रुंद, पण बोलायला अगदी गरीब माणूस. टोपी काढून त्याने सगळ्यांना नमस्कार केला, विमानातल्या व्हर्लिनलाही केला.

"डॉक्टर, मी काय म्हणतो, अख्ख्या विमानाचे तुम्ही सांगितलेत त्यावर हजार वाढवून देतो. तळं गोठायच्या आत गाडी तयार झाली पाहिजे. आत्ताच इंजिन उतरवून नेतो."

डॉक्टर अवघडले. "त्याचं काय आहे, हे आधी आलेत."

"हे घेतायत?"

"ते अजून बसलेत."

"मग ते उठले की बोलू."

"हो. तसंच करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "खुर्चीतला पेशंट उठल्याशिवाय मी दुसऱ्याला कधी आत घेतलं नाही. आता या वयात सुरुवात नको."

आणि नेमका त्याच क्षणी साबण कामाला आला. व्हर्लिनचा डावा गुडघा नळीमागून सुळकन सुटला.

त्याने तोंड उघडले. सांगणारच होता. पण समोर मर्ल काल्वोडा इंजिनाकडे मापे घेतल्यासारखा बघत होता, आणि कॉर्लिस तिने शिवलेल्या सीटच्या कडेवरचा साबण बोटाने हळूच निपटत होती. उठले की बोलू. म्हणजे उठलो की संपले. हजाराने चढलेली बोली बोटीच्या पैशांना गाठता येणार नव्हती. आयुष्यात व्हर्लिनने वजन वाढवायला काट्यावर कधी अंगठा ठेवला नव्हता. आता त्याने पाय हळूच जिथे होता तिथे परत नेऊन ठेवला.

"काही फरक?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "उलट जास्तच घट्ट वाटतंय."

"मी आर्डिसला फोन करतो," गेलन म्हणाला.

"तिला कशाला उगाच!"

"मग कुणाला करू? तुला रात्रभर इथं ठेवायचं तर पांघरूण तरी लागेल."

दुपार झाली. जेवणाच्या वेळेला कुणाला घरातून उपाशी पाठवायची कॉर्लिसची रीत नव्हती, आणि विमानातल्या माणसाला सोडून घरात जेवायला बसणे वाईट दिसले असते. तेव्हा बटाटे आणि खिमा घालून भाजलेल्या पदार्थाचे मोठे भांडे शेडमध्येच आले. अवजारांच्या पेटीवर टेबलक्लॉथ पसरला. मर्ल पाहुण्यासारखा नको नको म्हणाला, तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर जेवायला बसला आणि तीनदा वाढून घेतले. व्हर्लिनलाही बशी आत दिली. जेवता जेवता मर्लने, आपण एकदा घराच्या चिमणीत कसे अडकलो होतो ते सांगितले. व्हर्लिनला तो माणूस आवडायला लागला, आणि त्यामुळे त्याला आणखी अपराधी वाटायला लागले.

आर्डिसची गाडी आली तेव्हा सगळे जण कॉफीचा दुसरा कप घेत होते.

आर्डिस हॉगन बुटकी, सडपातळ आणि चपळ बाई. तिने अर्धे आयुष्य शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकावर कोण काय लपवतेय हे ती पुढच्या आरशात बघून, रस्त्यावरची नजर न काढता ओळखत असे. शेडच्या दारात उभी राहून तिने एकदा विमान पाहिले, एकदा नवरा पाहिला. मग सावकाश विमानाला एक फेरी घातली आणि नवऱ्याच्या कानाशी येऊन थांबली.

"एकाच माणसाचं आहे," ती म्हणाली.

"दोघांचं परवडत नव्हतं."

"ते सांगायचं होतंस."

"हो."

"मी खिडकीचं विचारलं, तेव्हा सांगायचं होतंस."

"हो." व्हर्लिनने बशीतला शेवटचा बटाटा चमच्याने इकडून तिकडे केला.

आर्डिस आणखी जवळ वाकली. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "आणि कधी सुटलास?"

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिले. "साबण घातल्यावर."

"मग उठत का नाहीस?"

"उठलो की तो मर्ल इंजिन काढून बर्फावर नेणार. बाकीचं यांच्या अंगणात गंजत पडणार. बाईंनी सीट शिवलीय बघ, आर्डिस. दोन रंगांच्या दोऱ्यांनी."

आर्डिसने सीटची शिवण पाहिली. मग कॉर्लिसकडे पाहिले. मर्लला आणखी कॉफी वाढता वाढता कॉर्लिस पिवळ्या पंखाला टेकून उभी होती. आर्डिस ताठ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "छे हो! चांगलाच अडकलाय. हलत पण नाही."

व्हर्लिनने चमचा खाली ठेवला. लग्नाच्या इतक्या वर्षांत ही बाई त्याच्या देखत पहिल्यांदाच खोटे बोलली होती, आणि ते तिला इतके सराईतपणे जमले होते की त्याला जरा धडकीच भरली.

मर्लला मात्र आता राहवेना. एवढे जेवल्यावर नुसते बसून राहणे त्याच्या मनाला पटत नव्हते. तो ट्रककडे गेला आणि पत्रा कापायची करवत घेऊन आला.

"इथून असं कापलं ना," त्याने बोटाने पिवळ्या कुशीवर रेघ ओढली, "की यांचा पाय आपोआप बाहेर. इंजिनाला धक्का पण लागणार नाही. माझं काय, मला तेवढंच हवंय." आणि त्याने करवत सुरू केली.

"बंद करा!"

सगळे दचकले. कोण ओरडले हे प्रथम कुणाला कळेना, कारण तो आवाज कुणी कधी ऐकलेला नव्हता. डॉक्टर स्ट्रांड विमानापुढे हात पसरून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"माझ्या विमानाला हात लावायचा नाही!"

मर्लने करवत बंद केली. कॉर्लिस नवऱ्याकडे अशी बघत होती की जणू त्यांच्या घरात कुणी नवीन माणूस राहायला आला आहे.

"मला वाटलं, मदत होईल," मर्ल हळूच म्हणाला.

डॉक्टर लगेच वरमले. "नाही, नाही, तुमचा हेतू चांगला होता. माफ करा हं. पण मला नाही विकायचं इंजिन. सुटं नाही विकायचं. खरं तर पहिल्यांदा फोनवरच सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या चांगल्या शब्दांत विचारलंत..."

"तसं सांगायचं ना, डॉक्टर," मर्ल म्हणाला. "मी जेवायच्या आधीच गेलो असतो." मग जरा विचार करून म्हणाला, "पण बरं झालं नाही सांगितलंत." कॉर्लिसने उरलेल्या वड्या भांड्यासकट त्याच्या हाती दिल्या. माफी मागत मागत दोन्ही बाजू अंगणापर्यंत गेल्या, आणि ट्रक सुरू झाल्यावरही डॉक्टर हात हलवत माफी मागत होते.

परत आल्यावर ते व्हर्लिनसमोर उभे राहिले. "तुम्हाला घ्यायचंय का हो हे? खरं सांगा. आवडलंय का?"

गेलनचा हात कानाकडे जात होता. आर्डिसने तो वाटेतच धरला.

"वाईट नाही," व्हर्लिन म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "किती आहेत तुमच्याकडे?"

"बोटीचे आले तेवढे. आठ हजार."

"पुरेत."

"डॉक्टर, पण चाकं लहान आहेत, ते धरून जरा..." गेलनने सुरुवात केली.

"गेलन," आर्डिस म्हणाली, "तू गाडीत जाऊन बस बरं."

व्हर्लिनने एक सुटकेचा श्वास घेतला, दोन्ही कडा धरल्या आणि आता उठू या, असे म्हणून जोर लावला. काहीच झाले नाही. त्याने खाली पाहिले. डावा पाय नळीपासून मोकळा होता, उजवा तर कधीच अडकला नव्हता, पण सकाळपासून दुमडून बसल्यामुळे दोन्ही पाय इतके बधिर झाले होते की ते आपलेच आहेत की डॉक्टरांनी विमानाबरोबर दिलेत हे त्याला कळेना. शिवाय साबण वाळला होता आणि पॅंट सीटला चिकटली होती.

"आर्डिस," तो म्हणाला, "आता मी खरंच अडकलोय."

"आता?" डॉक्टरांनी विचारले.

"म्हणजे, अजून," आर्डिस चटकन म्हणाली. आणि कुणी आणखी काही विचारण्याआधी ती डोके खाली करून कमरेपर्यंत विमानात शिरली. आतून तिचा आवाज येत होता, "हा पाय कुणाचा? तुझाच? मग हलव की!" तिने एकेक टाच धरून मागे ओढली, गुडघे एकेक करून वर उचलले, गाडीतून धावत परत आलेल्या गेलनने आणि डॉक्टरांनी काखेत हात घातले, आणि व्हर्लिन हॉगन एका लांबलचक 'फर्र' आवाजासह बाहेर आला. पॅंटचा काही भाग विमानातच राहिला. त्याला उचलून बाहेर गवतावर नेऊन ठेवला. कॉर्लिसने घाईघाईने गोधडी आणून त्याच्यावर टाकली.

"रक्त नाही," डॉक्टर समाधानाने म्हणाले. "दोन तास काही गरम खाऊ नका." मग त्यांच्या लक्षात आले आणि ते स्वतःशीच हसले.

गवतावर पडल्या पडल्या व्हर्लिनच्या पायांत मुंग्या आल्या, मग कळा आल्या. पण विमान त्याचे झाले होते. डोक्यावर केवढेतरी मोठे आभाळ होते, आणि तो गोधडीखाली अर्ध्या पॅंटमध्ये त्याच्याकडे मालकाच्या नजरेने बघत होता. मग त्याला शेडमधून आर्डिसचा आवाज आला.

"सीटवर सगळा साबण झालाय. मी पुसून देते, थांबा."

ती सीट पुसायला विमानात चढली. खरे तर चढली म्हणण्यासारखे काही झालेच नाही. चपलेत पाय जावा तशी ती आत गेली. फडक्याने सीट पुसली, डॅशबोर्ड पुसला, काच पुसली. मग दांडा पुसला. मग फडक्याचा आवाज थांबला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे असं पुढं ढकललं की काय होतं?"

"नाक खाली," डॉक्टर म्हणाले.

"आणि असं?"

"हा, हळू. दोन बोटांनी. पाहिलंत? तुम्हाला लगेच कळलं. माझ्या हाताला हे कळायला पहिला उन्हाळा गेला." त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "पायाखालचे पेडल दाबून बघा. पोचतात का?"

"माझ्यासाठीच ठेवल्यासारखे आहेत हो."

त्यानंतर बराच वेळ शेडमधून 'आणि हे?' 'आणि असं?' असे ऐकू येत राहिले. गेलन येऊन व्हर्लिनच्या शेजारी गवतावर बसला.

"ऐकतोयस का?" त्याने विचारले.

"ऐकतोय," व्हर्लिन म्हणाला.

विमान ट्रेलरवर लादून घरी आणल्यावर व्हर्लिनने हार मानली नाही. सीटची गादी काढून पाहिली, सीट मागे सरकवून पाहिली, नळी वळवून घेतली. शेवटी तो आत बसू शकला, एकदा गावाभोवती फेरीही मारून आला, आणि त्या फेरीतला प्रत्येक क्षण त्याला आवडला. पण उतरवून घ्यायला गेलन आणि शेजारचा, असे दोन जण लागले. जिथे उतरायचे तिथे दोन धट्टीकट्टी माणसे हजर आहेत याची आधी फोनवरून खात्री करून घ्यायची, हे काही विमानप्रवासाचे स्वातंत्र्य नव्हे.

बर्फ पडायला लागल्यावर एक दिवस आर्डिस कोट चढवत म्हणाली, "त्या शिकवणाऱ्या बाईंकडे जरा जाऊन येते." व्हर्लिनला वाटले, ती केक पोचवायला चालली आहे. वसंतात तिच्याकडे परवाना होता. छपराला त्या वर्षी काही मिळाले नाही. पाऊस पडला की हॉगनांच्या माळ्यावर बादल्या ठेवाव्या लागत.

उन्हाळ्यात रविवारी कुठल्या ना कुठल्या छोट्या धावपट्टीवर पॅनकेकची न्याहारी असते. आसपासचे हौशी वैमानिक उडत येतात, खातात, एकमेकांच्या विमानांना 'वाईट नाही' म्हणतात आणि उडत परत जातात. जून महिन्यात अशाच एका न्याहारीला आर्डिस पिवळ्या विमानातून गेली. व्हर्लिन पहाटेच पिकअप घेऊन निघाला होता. पेट्रोलचा डबा, दोन घडीच्या खुर्च्या आणि तिचे स्वेटर त्याच्याकडे होते. मध्ये रेल्वे फाटकावर लांबलचक मालगाडी लागली. तो पोचला तेव्हा ती उतरून, विमान बांधून, एक पॅनकेक खाऊन दुसऱ्यावर सिरप ओतत होती. शेजारी डॉक्टर स्ट्रांड आणि कॉर्लिस बसले होते. डॉक्टरांना आता लांबचे धड दिसत नव्हते, पण विमान येताना त्यांनी ते इंजिनाच्या आवाजावरून सगळ्यांच्या आधी ओळखले होते, आणि ही गोष्ट ते जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

"केवढा उशीर!" आर्डिस म्हणाली. "सॉसेज संपत आले होते. तुझं काढून ठेवलंय."

"वरून कसं होतं?" व्हर्लिनने खुर्ची उघडत विचारले.

तिने खाणे थांबवले. मग तिने त्याला सांगितले: गहू हिरवा आहे पण नदीच्या बाजूला पिवळा पडायला लागलाय, जुन्या कोठाराची सावली पार शाळेपर्यंत जाते, आणि त्यांच्या छपराला उत्तरेकडून दोन भोके आहेत, ती खालून कधी दिसली नसती. तिने इतके बारकाईने सांगितले की व्हर्लिन बशी हातात तशीच धरून ऐकत राहिला.

टेबलाच्या टोकाला बसलेला एक अनोळखी म्हातारा त्या पिवळ्या विमानाकडे केव्हापासून बघत होता. तो व्हर्लिनकडे वळला. "छान आहे हो. तुमचंच का?"

"माझंच," व्हर्लिन म्हणाला.

"मग तुम्ही नाही उडवत?"

व्हर्लिनने सॉसेजचा तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला. "घरात एकाचे तरी पाय जमिनीवर असावेत," तो म्हणाला.

आर्डिसने बशीतून मान वर केली नाही. "त्याचे दोघांना पुरतात," ती म्हणाली आणि सिरपची बाटली त्याच्याकडे सरकवली.